स्पॅनिश तलवारबाजी शिकायला जाताना

१६१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डॉन किहोते’च्या दुसऱ्या भागात, एकोणिसाव्या प्रकरणात, दोन विद्यार्थी प्रवासाच्या वाटेवरच तलवारी हातात घेतात. वाद तलवारविद्येवरूनच पेटलेला असतो. एकाच्या मते ते शास्त्र आहे. दुसऱ्याला, कोर्चुएलोला, आपल्या अंगातल्या जोरापुढे सगळे शास्त्र फोल वाटते. कोर्चुएलो सरळ, उलटे, जमतील तसे वार करत सुटतो. समोरचा शांतपणे त्याला टोकाने थोपवतो, त्याच्या झग्याची बटणे एकेक करून टिपतो, झग्याच्या चिंध्या करतो, दोनदा टोपी पाडतो. शेवटी कोर्चुएलो दमतो, रागाने तलवार लांब भिरकावून देतो आणि मग उठून प्रतिस्पर्ध्याला मिठी मारतो. सर्व्हांतेसने जाता जाता एक तपशील नोंदवला आहे: या तलवारी सरावाच्या होत्या आणि त्यांच्या टोकांना बोंडे बसवलेली होती. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीचा स्पॅनिश विद्यार्थी पुस्तकांसोबत सरावाच्या तलवारी घेऊन फिरत होता आणि तालमीत कुणी जखमी होऊ नये याची काळजीही घेत होता.

तो विद्यार्थी ज्या शास्त्राच्या बाजूने लढला, त्याचे नाव ‘ला वेर्दादेरा देस्त्रेथा’, म्हणजे खरे कौशल्य. एकोणिसाव्या शतकापर्यंत ही परंपरा विरत गेली. गेल्या काही दशकांत जुने ग्रंथ समोर ठेवून स्पेनमध्ये, युरोपातल्या इतर देशांत आणि अमेरिकेत अभ्यासकांनी ती पुन्हा उभी केली आहे. आज ती शिकण्याचा सर्वांत सोपा दरवाजा म्हणजे शनिवार-रविवारच्या कार्यशाळा. त्यांत खेळाडू असतात, इतिहासाचे विद्यार्थी असतात, नाटक-सिनेमात काम करणारे असतात आणि साधे नोकरदारही असतात. शिक्षणासाठी किंवा नोकरीनिमित्त युरोपात राहणाऱ्या मराठी माणसाला ही संधी सहज मिळू शकते. पण कोणत्याही कार्यशाळेत नाव घालण्याआधी ही विद्या नेमकी कशावर उभी आहे ते समजून घ्यावे, नाहीतर दोन दिवस पावलांसाठी जमिनीवर आखलेली वर्तुळे पाहण्यात निघून जातात.

वर्तुळांचा उगम सेव्हिलच्या खेरोनिमो सांचेथ दे कार्रान्थाकडे जातो. त्याचा ग्रंथ १५६९ मध्ये लिहून झाला आणि १५८२ मध्ये सानलूकार दे बार्रामेदा या बंदरगावात छापला गेला. मेदिना सिदोनियाच्या ड्यूकचा त्याला आश्रय होता. चार संवादांच्या या ग्रंथात कार्रान्थाने तलवारीला भूमिती, तत्त्वज्ञान आणि ख्रिस्ती नीतीच्या चौकटीत बसवले. त्याच्या मागून आला बाएथाचा लुईस पाचेको दे नार्वाएथ. त्याचे ‘तलवारीची थोरवी’ सांगणारे जाडजूड पुस्तक १६०० मध्ये माद्रिदला निघाले. पुढे तो चौथ्या फिलिप राजाचा तलवारगुरू झाला आणि तलवार शिकवू पाहणाऱ्यांची परीक्षा घेण्याचा अधिकारही त्याच्याकडे आला. सुरुवातीला कार्रान्थाचा भक्त असलेला पाचेको नंतर त्याच्यावर टीका करू लागला आणि त्यांच्या अनुयायांत दोन तट पडले. कवी फ्रान्सिस्को दे केवेदोशी तर त्याचे जन्माचे वैर जडले. एका वादात केवेदोने पहिल्याच झटापटीत पाचेकोची टोपी उडवली असे सांगतात. केवेदोने आपल्या कादंबरीत भूमितीने झपाटलेल्या तलवारबाजाची यथेच्छ टर उडवली, ती मात्र छापील आहे आणि आजही वाचायला मिळते.

हा इतिहास शिकणाऱ्याच्या थेट उपयोगाचा आहे. ‘देस्त्रेथा शिकवतो’ एवढे सांगणाऱ्या शिक्षकाला पहिला प्रश्न विचारावा तो हाच: कुणाच्या ग्रंथावरून? कार्रान्थावरून, पाचेकोवरून, १६७५ च्या एत्तेनहार्डवरून, १७०५ च्या लोरेन्थ दे रादावरून, की अँटवर्पच्या जिरार तिबोवरून? तिबोचा अवाढव्य सचित्र ग्रंथ १६३० मध्ये बाहेर पडला. राजवाड्यासारख्या दालनांत, फरशीवर आखलेल्या वर्तुळांवर तलवारबाज उभे आहेत, अशी त्यातली भव्य चित्रे बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेली असतात. पण तिबोची पद्धत पाचेकोच्या पद्धतीशी तंतोतंत जुळत नाही. चांगला शिक्षक हा फरक आपणहून सांगतो. ‘ही पायरी पाचेकोत आहे, ही मी रादावरून घेतली, आणि इथे ग्रंथ गप्प आहे म्हणून मी माझा अंदाज वापरतो’ असे जो बोलतो, त्याच्याकडे डोळे झाकून जावे. सगळे काही ‘प्राचीन स्पॅनिश रहस्य’ म्हणून विकणाऱ्याकडे जाऊ नये.

स्पेनमध्ये आणखी एक परंपरा होती. देस्त्रेथावाले तिला सामान्य किंवा गावठी तलवारबाजी म्हणत. तिचे ग्रंथ फार थोडे उरले. दोमिंगो लुईस गोदिन्योचे १५९९ चे हस्तलिखित हा त्यातला मोठा ठेवा. एकटी तलवार, तलवार आणि खंजीर, तलवार आणि ढाल, दोन तलवारी, दोन्ही हातांनी चालवायची प्रचंड ‘मोन्तान्ते’ असे सगळे त्यात आहे. एखाद्या कार्यशाळेच्या जाहिरातीत गोदिन्योचे नाव दिसले तर तिथे वर्तुळे कमी आणि वार जास्त असतील हे ओळखावे. दांडपट्टा किंवा लाठी खेळलेल्या माणसाला हा दरवाजा अधिक ओळखीचा वाटण्याची शक्यता आहे. एकावर अनेक आले तर काय करायचे, हा मोन्तान्तेच्या सरावातला नेहमीचा प्रश्न कोल्हापूरच्या मर्दानी खेळातही असतो.

आता प्रत्यक्ष मैदानात. देस्त्रेथाची उभे राहण्याची पद्धत पाहून नवखा माणूस चकित होतो. त्याच काळातला इटालियन तलवारबाज पाय फाकवून, गुडघे वाकवून, अंग मागे किंवा पुढे झुकवून उभा असतो; कापो फेर्रोच्या १६१० च्या ग्रंथातली चित्रे तशीच आहेत. स्पॅनिश माणूस ताठ उभा राहतो. पावलांत अंतर थोडे, टाचा जवळ, खांदा पुढे, हात खांद्याच्या उंचीवर सरळ, तलवारीचे टोक समोरच्याच्या दिशेने. यामागचे कारण साधे आहे. ताठ शरीराशी हात काटकोनात असला की टोक सर्वांत लांब पोचते; हात वर किंवा खाली गेला की पोच कमी होते. पाचेकोच्या सगळ्या इमारतीचा पाया हा काटकोन आहे.

याचा परिणाम पहिल्याच तासात खांद्यावर जाणवतो. सरावाची तलवार साधारण एक किलोच्या आसपास भरते, पण सरळ हाताच्या टोकाला धरली की तिचे वजन दहा मिनिटांत दुपटीचे वाटू लागते. म्हणून कार्यशाळेच्या महिनाभर आधीपासून रोज थोडा वेळ हात समोर धरून उभे राहण्याचा, मनगट आणि बाहू तयार करण्याचा सराव करावा. लहान काठी पुरते. खांद्याची जुनी दुखापत असेल तर शिक्षकाला आधीच सांगावे. गुडघ्यांना मात्र या पद्धतीत बराच आराम असतो, त्यामुळे पन्नाशीच्या पुढची माणसेही ती आनंदाने शिकू शकतात.

मग येते अंतर. दोघांनी समोरासमोर हात सरळ करून तलवारी रोखायच्या आणि एकाचे टोक दुसऱ्याच्या मुठीवरच्या कवचापर्यंत पोचेल, पण पुढे जाणार नाही, अशा बेताने उभे राहायचे. या अंतराला ‘मेदियो दे प्रोपोर्थियोन’ म्हणतात. दोघांची पावले जिथे पडली ती दोन टोके धरून जमिनीवर कल्पनेने एक वर्तुळ आखायचे. समोरच्याकडे सरळ गेलात तर त्याच्या टोकावर जाऊन आदळाल. वर्तुळाच्या कडेने गेलात तर त्याचे टोक तुमच्यावरून सरकते आणि तुमचे टोक त्याच्यावर राहते. सगळी भूमिती एवढ्यासाठी आहे. सरळ, वक्र, तिरके, आडवे आणि मागचे अशी पावलांची नावे असतात. ती पाठ करण्यापेक्षा गच्चीवर खडूने वर्तुळ काढून त्यावर रोज पाच मिनिटे चालावे. चालताना मागचा पाय घसटत येऊ नये, डोके वर-खाली होऊ नये आणि टोक एका जागी स्थिर राहावे. समोर भिंतीवर चिकटवलेला कागदाचा ठिपका टोक स्थिर आहे का, हे अगदी प्रामाणिकपणे दाखवतो.

खरा गाभा मात्र ‘आताखो’ हा आहे, आणि तो कार्यशाळेशिवाय येत नाही. जोडीदार हात सरळ करून टोक रोखतो. शिकणारा आपले पाते त्याच्या पात्यावर ठेवतो. आपल्या पात्याचा मुठीजवळचा भक्कम भाग त्याच्या टोकाकडच्या नाजूक भागाच्या जवळ येईल अशा रीतीने. फटका मारायचा नाही, दाबायचेही नाही, फक्त ठेवायचे. तेवढ्याने समोरच्याचा सरळ रस्ता बंद होतो. सुटायचे तर त्याला खालून वळसा घालून यावे लागते, आणि तो वळसा घेतो त्या क्षणी शिकणाऱ्याने वक्र पाऊल टाकून टोक पुढे सोडायचे. ऐकायला सोपे वाटते. पण नवखा हमखास जास्त जोर लावतो. जोडीदार आपले पाते अचानक खाली काढून घेतो, नवख्याची तलवार त्याच्याच जोराने खाली घसरते आणि छाती उघडी पडते. जोर कमी पडला तर समोरचा पाते सरळ आत ढकलतो. या दोन्हींच्या मधला, पात्यातून हाताला कळणारा नेमका भार ओळखणे हे ‘ताक्तो’चे शिक्षण. पुस्तकात त्याचे वर्णन आहे; पण हाताला तो पंचवीस-तीस वेगवेगळ्या जोडीदारांशी खेळल्यावरच उमगतो. त्यामुळे कार्यशाळा निवडताना विचारावे की दिवसभरात जोडीदार किती वेळा बदलतात. जिथे शिक्षक तासभर भिंतीवर आकृत्या दाखवतो आणि सराव दहा मिनिटे होतो, तिथे पैसे घालवू नयेत.

वारांचे विश्लेषणही याच पद्धतीने होते. तलवारीच्या हालचाली सहा: वर, खाली, बाजूला मध्यरेषेपासून दूर, बाजूने परत मध्यरेषेवर, पुढे आणि मागे. उजवीकडून पडणारा पूर्ण वार, ‘ताखो’, हा बाजूला नेणे, वर उचलणे आणि खाली आणणे अशा तीन हालचालींचा असतो. सरळ टोकाचा प्रहार एका हालचालीत होऊ शकतो. म्हणजे समोरचा वारासाठी तलवार बाजूला नेऊन उचलत असताना मधली फट मिळते, आणि देस्त्रेथा जाणणारा त्या फटीतच शिरतो. कोर्चुएलोची तशी गत का झाली ते इथे कळते. शिक्षक हा खेळ आधी अगदी संथ गतीने करून घेतात आणि तो संथच करावा. घाईत डोळ्यांना काहीच दिसत नाही. या टप्प्यावर मर्दानी खेळ केलेल्यांना थोडी अडचण येते. दांडपट्टा आणि तलवारीच्या फेऱ्यांमुळे हात सतत फिरता ठेवण्याची सवय लागलेली असते, इथे तर टोक रेषेवरून हलवायचे तेही मोजून. पट्टा चालवणाऱ्याला मनगट सरळ ठेवून सगळा हात वापरण्याची सवय असते, ती मात्र इथे कामी येते.

समोरच्याच्या तलवारीची मूठ डाव्या हाताने पकडून लढत संपवण्याचा ‘कोन्क्लुसियोन’ हा डाव सगळ्यांना पहिल्याच दिवशी शिकायचा असतो. तो आकर्षक आहे, चित्रपटातही खुलून दिसतो. पण आताखो पक्का नसताना हात पुढे घातला तर बोटे जातात. तो उशिरा शिकवणारा शिक्षकच खरा.

साहित्याविषयी. पहिल्या कार्यशाळेला स्वतःची तलवार विकत घेऊन जाऊ नये. बहुतेक संयोजक तलवार आणि मुखवटा उसना किंवा भाड्याने देतात. नाव नोंदवताना तसे विचारून घ्यावे. मुखवट्याशिवाय जोडीचा एकही सराव करू नये, संथ सरावसुद्धा नाही. आधुनिक तलवारबाजीच्या मुखवट्यांवर आणि जॅकेटवर न्यूटनमध्ये आकडा लिहिलेला असतो. ३५०, ८०० किंवा १६०० असा. भोसकण्याला ते कापड किती टिकते हे त्यावरून कळते. संथ सरावाला चालणारे जॅकेट वेगवान लढतीला पुरेल असे नाही, म्हणून संयोजकांचा नियम तंतोतंत पाळावा. गळ्याचे संरक्षक कवच, जाड हातमोजे आणि वार असणाऱ्या सरावात डोक्याच्या मागच्या बाजूचे कवच हवेच. तळवे घसरणार नाहीत असे, सपाट तळाचे बूट घ्यावेत. जाड टाचेच्या धावण्याच्या बुटांत फरशीवर वळणे अवघड जाते.

वर्षभर शिकून झाल्यावर तलवार घ्यायची वेळ आली तर लांबीचा विचार इतिहासाच्या आधाराने करता येतो. दुसऱ्या फिलिपने १५६४ मध्ये काढलेल्या फर्मानात पात्याची कमाल लांबी पाच ‘कुआर्ता’ ठरवली होती. कास्तील प्रांताच्या मोजणीने ती साधारण १०४ सेंटिमीटर होते, आणि आजच्या सरावाच्या अनेक स्पॅनिश तलवारी याच लांबीच्या आसपास असतात. तिबो वेगळा हिशेब सांगतो: टोक जमिनीला टेकवून तलवार उभी केली की मुठीचा आडवा दांडा माणसाच्या बेंबीपर्यंत यावा. बुटक्या माणसाला १०४ सेंटिमीटरचे पाते त्रास देते, त्याने तिबोचे ऐकावे.

ग्रंथ वाचण्यासाठी आता स्पेनला जावे लागत नाही. स्पेनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात जुने स्पॅनिश तलवारग्रंथ मोफत उघडता येतात. तिबोचे इंग्रजी भाषांतर जॉन मायकल ग्रीअरने केले आहे. नवशिक्याने सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश गद्याशी एकट्याने झुंजत बसू नये. कार्यशाळेत शिकलेल्या एका पावलाचे किंवा एका डावाचे पान शिक्षकाकडून विचारून घ्यावे आणि तेवढेच पान भाषांतरासह वाचावे. अशी दहा पाने झाली की ग्रंथाची वाट सापडते. माद्रिदला गेल्यास राजवाड्यातील शस्त्रागार आणि तोलेदोच्या अल्काझारमधले सैन्य संग्रहालय जरूर पाहावे. काचेआड ठेवलेल्या मुठींची वाटीसारखी किंवा वेलबुट्टीसारखी गुंतागुंतीची कवचे पाहिली की हात एवढा पुढे, सरळ ठेवूनही तो सुरक्षित कसा राहत असे, ते नीट ध्यानात येते.

मराठी वाचकाला या विद्येशी एक जुना धागाही आहे. १५८० ते १६४० या साठ वर्षांत पोर्तुगालचा राजमुकुट स्पेनच्या राजांच्या डोक्यावर होता. म्हणजे ज्या फिलिपांच्या काळात कार्रान्था आणि पाचेको लिहीत होते, त्यांचीच सत्ता गोवा, वसई आणि चौलवरही होती. युरोपातून येणाऱ्या सरळ, लांब पात्यांना इथली मूठ बसवून तयार झालेली ‘फिरंग’ मराठी सरदारांच्या कमरेला दिसू लागली. पाते युरोपचे आणि चालवण्याची पद्धत इथली. त्या दोन पद्धतींची तुलना हाताने करून पाहायची ज्याला हौस आहे, त्याने देस्त्रेथा शिकण्यासोबत कोल्हापूरच्या एखाद्या वस्तादाकडेही जावे.

भारतातून जाणाऱ्याने कार्यशाळेची तारीख ठरताच शेंगेन व्हिसाची तयारी सुरू करावी. संयोजकांचे नोंदणीपत्र अर्जाला जोडता येते. जाण्याआधी सहा महिने जवळच्या तलवारबाजीच्या क्लबात आधुनिक खेळ शिकून घेणे फायद्याचे. फॉइल, एपी, सेबर यांपैकी एपीचा सराव देस्त्रेथाला सर्वांत उपयोगी, कारण त्यात संपूर्ण अंग लक्ष्य असते आणि अंतराचा अंदाज पक्का होतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये सी. ए. भवानी देवी खेळल्यापासून भारतात या खेळाकडे वळणारे वाढले आहेत. क्लबात सवय झालेली लांब झेप मात्र स्पॅनिश वर्गात विसरावी लागते. परत येताना तलवार विकत घेतलीच तर ती हातातल्या पिशवीत चालत नाही. बोथट असली तरी ती सामानकक्षातच द्यावी लागते. विमान कंपनीला आधी विचारावे, खरेदीची पावती जवळ ठेवावी आणि भारतातले शस्त्रविषयक नियम निघण्यापूर्वीच तपासून घ्यावेत. घरी आल्यावर आठवड्यातून एकदा तरी भेटेल असा एक जोडीदार शोधावा, त्यालाही मुखवटा घेऊन द्यावा आणि पहिले दोन महिने फक्त पावले आणि आताखो यांचाच सराव करावा.